साडूभाऊंचा डेक

आमचे साडूभाऊ उभ्या आयुष्यात सलग दहा मिनिटं एका जागी बसले असतील तर ती स्वतःच्या लग्नात, आणि तिथेही भटजींना त्यांना दोनदा दटावावं लागलं होतं. महाडला आमच्या घरी आले की चपला काढायच्या आधीच "बरं, निघतो मी" म्हणायचे. चहा स्वयंपाकघराच्या दारात सुरू व्हायचा, फिरत फिरत फाटकाशी संपायचा आणि कप आम्हाला कुंपणावर सापडायचा. बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात फायबरच्या टाक्या बनवण्याच्या कामावर ते वीस वर्षं होते. ती नोकरी सुटल्यावर हा माणूस तुडीलच्या घरात बसून वेडा होणार, किंवा घरच्यांना तरी करणार, याबद्दल आम्हा कोणालाच शंका नव्हती. पण त्यांनी कुठून तरी किनाऱ्याकडून एक जुनी फायबरची होडी टेम्पोत घालून आणली, सावित्रीच्या काठाला बांधली आणि त्यांच्या वेडाला एकदाची हक्काची जागा मिळाली. मोबाइल अजून आमच्याकडे पोचले नव्हते तेव्हाची ही गोष्ट.

होडी म्हणजे तरी काय, होडीचा डेक! इंजिन खोकलं तरी चालेल, रंग उडाला तरी चालेल, पण डेकला काही होता कामा नये. पाय घसरू नये म्हणून त्या फायबरवर मुळातच फणसाच्या सालीसारखे बारीक दाणे होते, आणि त्या दाण्यांच्या फटीत सावित्रीचा चिखल जाऊन बसायचा. "मास्तर," साडूभाऊ मला सांगायचे (मी गणित शिकवतो, पण हा शब्द ते अशा सुरात उच्चारत की मला गणित येतं का याची शंका मलाच यायची), "दाण्यात माती भरली का शेवाळ धरतं. शेवाळ धरलं का पाय गेला. तोंड काय, कोण पण धुतो. तळवा धुवायला अक्कल लागते." ही अक्कल टूथब्रशात होती. आमच्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांचे जुने ब्रश मी त्यांच्यासाठी डब्यात साठवत असे, आणि या समाजकार्याबद्दल माझी जी थट्टा व्हायची ती मलाच ठाऊक! साडूभाऊ पाहुणे म्हणून कुठे गेले तरी आधी मोरीत डोकावून यायचे. मुंबईहून आलेल्या माझ्या चुलतभावाचा कोरा करकरीत ब्रश असाच नाहीसा झाला, विचारल्यावर म्हणाले, "मला तो थकलेला वाटला." कोणाच्या हातात तारेची घासणी दिसली की मात्र अंगावर धावून जायचे. तारेनं दाणे झिजतात म्हणे. आणि उन्हानं फायबरची भुकटी होते, म्हणून होडीवर बारा महिने पांघरूण. एका पावसाळ्यात होडीचं पांघरूण फाटलं, तेव्हा या गृहस्थांनी स्वयंपाकघराच्या छपरावरचं प्लास्टिक काढून होडीला घातलं. मी गेलो तर बाईसाहेब डोक्यावर इरलं घेऊन भाकऱ्या थापताहेत आणि नदीवर होडी कोरडी ठणठणीत.

या बाईसाहेब म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. आणि हा सगळा खटाटोप चालला होता तो त्यांच्यासाठीच, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आक्कांचं माहेर, म्हणजे माझी सासुरवाडी, समोरच्या काठावर. चुलीचा धूर तुडीलच्या दारातून दिसायचा. सासूबाई एकट्याच तिथे राहायच्या. पण पूर्वी एकदा माहेराहून परतताना लाकडी होडीच्या ओल्या फळीवर आक्का घसरल्या, पाय मोडला, आणि हाड बसलं तेही वाकडंच. "परत होडीत पाय ठेवणार नाय," म्हणाल्या आणि बारा वर्षं ठेवला नाही. मग आईला भेटायचं तर एसटीनं महाडला यायचं, तिथून दुसरी एसटी, उरलेली वाट त्या दुखऱ्या पायानं तुडवायची. वर्षातून दोनदा जेमतेम जमायचं. इकडे म्हातारी थकत चालली होती. साडूभाऊंना दुसरं तिसरं काही नको होतं; आई आहे तोवर बायकोनं या डेकवर बसून पलीकडे जावं, एवढंच.

आणि एका मार्गशीर्षात, काय मनात आलं कोण जाणे, आक्का "येते" म्हणाल्या! साडूभाऊंचे पाय जमिनीला लागेनात. चार दिवसांत ते महाडला तीनदा येऊन गेले. बायको येणार तर डेक कसा लखलखायला हवा, म्हणून हायवेवरच्या एका गाडीरंगाऱ्याकडून गाडीला चमक आणायचं मेण घेतलं आणि दाण्यांवर त्याचे तीन हात दिले. मेणानं फायबर टिकतं, हे खरं. मेणानं पाय घसरतो, हे सांगायला मात्र कोणीतरी लागतं, आणि देवानं त्या कामी माझी नेमणूक केली. आक्का काठावर उभ्या. त्यांना धीर यावा म्हणून मी ऐटीत पुढे झालो, "हे बघा आक्का, घरच्या ओट्यासारखं आहे," असं म्हणत पाऊल टाकलं, आणि होडीच्या या बाजूनं चढलेला मी त्या बाजूनं सावित्रीत! चिखल काढत वर आलो तेव्हा काठ रिकामा होता. आक्का घरी निघून गेल्या होत्या. साडूभाऊ मला हात द्यायचंसुद्धा विसरले. "माझ्याच हातानं केलं हो मी," एवढंच म्हणत राहिले. मला इतका राग आला होता त्यांचा, पण तो चेहरा बघून मी आपला सदरा पिळायला लागलो.

मग सुरू झालं मेण काढणं. गरम पाणी, सोडा, साबणाचा चुरा. ओहोटीला होडी चिखलात टेकली की साडूभाऊ डेकवर चढायचे आणि इकडे चार हात मार, तिकडे दोन मार, मध्येच उठून वास घे, असं चालायचं. रविवारी मीही होतो मदतीला. आक्का काठावर कपडे धूत होत्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून हे सगळं बघत होत्या. शेवटी त्यांच्यानं राहवेना.

"अवो, असं घासतात? जन्मात कधी तवा घासलाव काय?"

"मग तू दाखव," साडूभाऊ वैतागून म्हणाले.

आणि आक्का नारळाचं सोडण घेऊन खरंच वर आल्या! चिखलात बसलेली होडी ही होडी नव्हेच, असा त्यांचा हिशोब असावा. फतकल मारून बसल्या आणि एका कोपऱ्यापासून गोल गोल, पुन्हा गोल गोल, असं काही घासायला लागल्या की दाणा न् दाणा मोकळा व्हायला लागला. साडूभाऊ बादल्या भरून देत होते. आम्हा दोघांना नवऱ्यांची जातच कशी बिनकामाची यावर व्याख्यान ऐकवणं चालू होतं. एवढ्यात माझ्या पायाखाली काहीतरी हललं. भरती आली होती! मी तोंड उघडणार, तोच साडूभाऊंनी डोळे मोठे करून मला गप्प केलं. त्यांची स्वतःची अवस्था तर काय सांगू! एकदा दोर बघत होते, एकदा पाणी, एकदा बायको. बादली आपली आपण वीतभर सरकली तेव्हा आक्कांचा हात थांबला.

त्यांनी काठाकडे पाहिलं. काठ लांब गेला होता.

"उतरायचं हाय?" साडूभाऊंनी विचारलं. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

आक्कांनी दोन्ही तळवे डेकवर घट्ट दाबून धरले. मग म्हणाल्या, "सोडा दोर. आले हाय तर जाऊन येते."

"अगो, पण ही साडी..."

"आयशीकडं जायला साडी कशाला बघायला हवी?"

पलीकडे सासूबाई अंगणात बसल्या होत्या. लेकीचे हात हातात घेतले आणि दचकल्या. "हात असे काय गो तुझे?" सोड्यानं बोटांची सालं निघाली होती. "होडी घासत व्हते," आक्का म्हणाल्या आणि आईच्या मांडीत डोकं घालून लहान पोरीसारख्या रडल्या. मी आणि साडूभाऊ उगाचच गोठा बघायला गेलो. गोठ्यात गुरं नव्हती.

त्यानंतर सासूबाई दोन वर्षं होत्या. दर सोमवारी आक्का पलीकडे जायच्या. भीती काही गेली नव्हती. होडीचा काठ घट्ट धरायचा, नजर पायाशी, एकेक पाऊल चाचपत टाकायचं, आणि साडूभाऊंनी दंडाला धरून बसवायचं. पहाटे उठून ते डेक घासत, तो कोरडा होईपर्यंत गावभर फिरत आणि मग आक्कांना हाक मारत.

निरोप आला त्या सकाळी मी तुडीललाच होतो. समोरच्या काठावरचा एक जण सांगून गेला आणि आक्का घरातून निघाल्या त्या थेट. त्या दिवशी डेक अजून ओला होता. साडूभाऊंनी घाईनं हात पुढे केला. आक्कांनी तो धरला नाही, होडीचा काठही धरला नाही, एकदाही खाली पाहिलं नाही. समोरच्या घरावर डोळे लावून त्या ओल्या दाण्यांवरून सरळ चालत होडीच्या टोकाशी गेल्या आणि तिथे उभ्या राहिल्या.

साडूभाऊंचा हात तसाच पुढे राहिला होता. "बघितलंत मास्तर?" ते मला हळूच म्हणाले. "ती चालली, तिला कळलं पण नाय."

त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी दोर सोडला.