पायाले लावलेला चिखल

"काकाजी, पायाले जरा चिखल लावा. इतके साफ पाय नाई चालणार."

माझ्याच आंगणात, माझ्याच दारापुढं उभा राहून तो साहेब मले हे बोलला. नागपूरचा माणूस. मिशनच्या परदेशी पाहुण्यांले गावोगाव फिरवते. वडनेरच्या रस्त्यावर त्याची गाडी उभी होती. आत गोरी पोरं-पोरी बसली होती, ख्रिस्ती सेवा कराले आलेली. कोवळी पोरं. आपल्या देशातला त्यांचा पहिलाच दिवस.

निरोप आधीच आलता. पाहुणे तुमचे पाय धुतील म्हणे, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. मले तवाच पटलं नव्हतं. आमच्या इकडं पाहुणा दारात आला की त्याच्या पायावर पाणी घालतात. वैरी आला तरी घालतात. पाहुण्यानं घरधन्याचे पाय धुवाचे, ही कुठली रीत? पण आमच्या चर्चच्या पाळकांनी गळ घातली. आन् माझी नात सलोमी मिशनच्याच शाळेत नर्सिंग शिकून राह्यली, त्यांच्याच वसतिगृहात राहते. म्हणून हो म्हटलं.

पण माझ्या रीतीनं. पहाटे आंघोळ केली. टाचा दगडानं घासल्या. नाताळात शिवलेला पांढरा सदरा घातला. पाहुण्यांसाठी दारात बालटी भरून ठेवली, वर तांब्या.

साहेबानं सदऱ्याकडं बोट केलं. "हा काढा. शेतातला घाला."

"काऊन?"

"त्यांले खरं गाव पाह्यचं आहे."

"मंग मी काय खोटा आहो?"

तो हसला. म्हणे, "सलोमी हुशार आहे काकाजी. तिले शिकू द्या ना. काऊन अडवता तिची वाट?"

एवढंच. आवाज काई चढवला नाई. मग त्यानं माझी बालटी उचलली आन् पाहुण्यांचं पाणी आंगणातल्या काळ्या मातीवर ओतलं. काडीनं कालवलं. आपल्या बुटाले नाई लागू देलं.

"या," म्हणाला.

मी सदरा काढला. चिखलात जाऊन उभा राह्यलो.

माझा आजा मालगुजाराच्या, म्हंजे गावच्या जमीनदाराच्या, घरापुढून जाताना चपला हातात घेऊन जाय. त्यानं बाप्तिस्मा घेतला तवा गाव म्हणे, पोटासाठी बाटला. आजा म्हणे, पोटासाठी नाई, चपला पायात घालासाठी. त्याचा नातू मी. त्या दिवशी माझ्या पायाशी कोणी गुडघे टेकणार होतं, तरी खाली मीच होतो.

गाडीतून सगळे उतरले. सलोमीही त्यांच्यासंगं होती, त्यांचं बोलणं आमाले सांगाले आणलेली. तिनं माझे पाय पाह्यले. हळूच म्हणे, "आबा, आंघोळ नाई केली का आज?"



मले खुर्चीवर बसवलं. खाली घमेलं. एक पोरगी पुढं आली, नाकावर तीळच तीळ. गुडघ्यावर बसली, माझा पाय दोन्ही हातांत धरला आन् रडाले लागली. बाकीच्यांचे मोबाईल वर झाले. रडता रडता ती काई बोलली. मी सलोमीकडं पाह्यलं.

"सांग न. जसं बोलली तसं सांग."

"म्हणते, विमानात तिले झोप नाई आली. वाटलं इथं सगळे रडत असतील. पण या लोकांजवळ काईच नाई, तरी हसतात म्हणते. आन् म्हणते, आज तुमाले पहिल्यांदा समजलं असेल की प्रभू तुमच्यावर प्रेम करते."

पहिल्यांदा. गावातल्या आमच्या ख्रिस्ती देवळाची घंटा मी मिसरूड फुटाच्या आधीपासून वाजवून राह्यलो.

पोरगी वाईट नव्हती. तिले काई माहीतच नव्हतं. तेच अवघड होतं. वाईट असती तर लाथेनं घमेलं उडवलं असतं. एक पाय पाण्यात, एक तिच्या हातात. समोर साहेब, बाजूले नातीचं तोंड. उठावं तर नातीची खोली जाते. बसावं तर मी जातो.

घमेल्यातलं पाणी काळं झालं. चिखलाखालून माझा पाय निघाला, साफ, पहाटे घासलेला. पोरीनं तो सगळ्यांले दाखवला आन् हसली. तिले वाटलं, तिनं साफ केला.

माझाच पाय. मीच धुतलेला.

मी उठलो. "बस झालं. बाई, माझे पाय साफच होते. या साहेबानं मले चिखलात उभं केलं. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, पण धुवाच्या आधी त्यांले चिखल लावाले नाई सांगितलं."

सलोमीनं तोंड उघडाच्या आत साहेब इंग्रजीत बोलून मोकळा. आन् सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काय सांगितलं यानं?"

सलोमी खाली पाहून म्हणे, "तुमाले आनंदानं भरून आलं, बोलता येऊन नाई राह्यलं, असं."

"आता तू सांग. मी बोललो तसं."

साहेब दातातल्या दातात म्हणे, "सलोमी. विचार कर."

तिनं केला. मले दिसत होतं, करून राह्यली. मग बोलली. आधी आवाज कापला, मग नाई कापला. मोबाईल खाली आले. त्या पोरीनं साहेबाले काई विचारलं. साहेब गाडीकडं चालाले लागला. पोरगी आपल्या ओल्या हातांकडं पाहत राह्यली. मग तीही गेली. माफी कोणी मागितली नाई.

आता वसतिगृहातून निरोप आला आहे. आजोबानं येऊन माफी मागावी, नाई तर पोरीची पेटी घेऊन जावी. सलोमी माझ्यावर चिडली. "बोलले तुम्ही, भोगाचं मले." खरं आहे तिचं. सगळं ठीक होईल, असं मी तिले सांगितलं नाई. तसं खोटं बोलणारे तिले बाहेर लई भेटतील.

उद्या सकाळच्या एस.टी.नं जातो. पांढरा सदरा धुवून वाळत घातला आहे, तोच घालीन. माफी मागणार नाई. सलोमीची जागा तिच्या मार्कांवर मिळाली आहे, माझ्या पायावर नाई, हे तोंडावर सांगीन. ऐकलं नाई तर पेटी डोक्यावर घेईन, पण घरी येणार नाई. वसतिगृहाच्या फाटकात पेटी ठेवून तिच्यावरच बसीन. जो येईल-जाईल त्याले सांगीन की चिखल कोणी कालवला. उठवतील तर पुन्हा बसीन.

दारातली बालटी मी परत भरून ठेवली. ज्याले यायचं त्यानं यावं, आपल्या पायावर पाणी घ्यावं, बसावं, चहा प्यावा. माझ्या पायाले हात लावाचा नाई.