भांडायला निघाले: नॉटिंगहॅम ते कॉव्हेंट्री

नव्वद सालच्या मार्चात मी कॉव्हेंट्रीला गेले ती भांडायला. नात टाइप करतेय. तिला बजावलंय, माझं बोलणं सुधारायचं नाही.

कॉव्हेंट्रीत माझी धाकटी बहीण कुसुम राहायची. आमची आई साताऱ्यात गेली तेव्हा मी इथे नॉटिंगहॅमला पोटाचं ऑपरेशन होऊन पडलेले. तार कुसुमकडे आली. तिनं तेरावं होईपर्यंत मला कळवलं नाही. त्यावर मी तिला शब्दानं बोलले नाही. तेव्हाही नाही, पुढची सहा वर्षंही नाही.

शेजारची परवीन इराणची, इस्फहानची. दोघींचं इंग्रजी सारखंच फाटकं, म्हणून छान जमायचं. तिला मी ऐटीत सांगितलं, आमच्यात भांडण नाहीच, शांतता आहे. ती म्हणाली, आमच्यातही 'दूरी ओ दूस्ती' म्हणतात. लांब राहा, गोड राहा. पण ते व्याह्यांसाठी. सख्ख्यांसाठी वेगळी म्हण: 'जंगे अव्वल बेह अज सोल्हे आखर.' शेवटच्या तहापेक्षा पहिलं भांडण बरं.

त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला, इथे वाढलेल्या पोरीच्या मोडक्या मराठीत. "मावशी, मम्मी खूप आजारी आहे. तुम्ही येतो का?"

साडेनऊनंतरचं डे रिटर्न, म्हणजे त्याच दिवशी परतायचं तिकीट, स्वस्त पडतं. बर्मिंगहॅमला ट्रेन बदलायची; पाट्या वाचायला परवीन सोबत. स्टेशनवरच्या सँडविचच्या वाटेला जाऊ नका. माझ्याकडे दशम्या, चटणी होती, तिच्याकडे ब्रेड, चीज आणि पुदिना. वाटेत मी तिच्यावर भांडणाची तालीम केली, चक्क मराठीत. तिला काही कळत नव्हतं, पण "आणखी जोरात" म्हणायची.

स्टेशनवरून कारनं नेताना भाचीनं सांगितलं: स्ट्रोक आलाय, ऐकू सगळं येतं, बोलता येत नाही.

कुसुम खिडकीशी बसली होती. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा. मला बघून ओठ हलले. सहा वर्षांची वाक्यं माझ्या तोंडाशी, आणि समोर उत्तर द्यायला कुणी नाही. मग तिनं डावा हात पुढे केला आणि माझ्या पोटावर ठेवला, ऑपरेशन झालं होतं तिथे.

"बरी आहे गं मी," म्हटलं. "कधीच बरी झाले."

परतताना परवीननं विचारलं, तह झाला? मी हो म्हटलं. तिनं उरलेला ब्रेड मोडून अर्धा माझ्या हातात दिला.

कुसुम जूनमध्ये गेली. आता भाजी चिरताना मी रोज तिच्याशी भांडते. दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागतात. बहुतेक वेळा तीच जिंकते.