बाराचा व्हर्लिन

व्हर्लिन स्ट्राउड हा माझ्या थोरल्या बहिणीचा, ओपलचा नवरा. पन्नास वर्षं मी त्याला ओळखते आणि त्यातली निदान तीस वर्षं मी त्याच्यावर चिडलेली आहे. माणूस वाईट नाही. तेलविहिरींवरचे पंप दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला आणि त्याने कधी कुणाचं वाकडं केलं नाही. असं निदान परवापरवापर्यंत मी सगळ्यांना सांगत होते.

त्याचं सगळं आयुष्य एका इंजिनाने खाल्लं. एकोणपन्नास सालचं फ्लॅटहेड, चौतीस सालच्या गाडीत बसवलेलं. हे इंजिन जळका धूर बाहेर टाकतं तो स्वतःच्याच पोटातून, पाण्याच्या वाटांना चिकटून. त्यामुळे जरा चढ लागला की उकळायला लागतं आणि फार छळलं की तडकतं. शहाण्या माणसांनी ते सत्तर वर्षांपूर्वीच सोडलं. आमच्या ऑइलडेल गावच्या, जुन्या गाड्या पळवणाऱ्यांच्या क्लबात शहाणी माणसं येत नाहीत. त्यात व्हर्लिनने वर सुपरचार्जर बसवला. आम्ही त्याला फुंकणी म्हणतो. पट्ट्यावर गरगर फिरते आणि इंजिनाच्या घशात जबरदस्तीने हवा कोंबते. आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला. परसात इंजिनांचे तडकलेले सात लोखंडी ब्लॉक पडलेत. ओपलने त्यांच्या भोकांत जिरेनियम लावलंय आणि ते मात्र छान येतं.

क्लबाचे नियम सोपे आहेत. गाडीला नंबरप्लेट हवी. घरून शर्यतीच्या पट्टीपर्यंतचे चाळीस मैल ती चालवत आणायची, पाव मैल पळवायची आणि चालवतच घरी न्यायची. ट्रेलरवर चढवून आणणाऱ्याला आम्ही ‘पाळण्यातला’ म्हणतो आणि त्याच्याशी कुणी बोलत नाही. रांगेत लागण्याआधी आपण किती सेकंदांत पोचणार तो आकडा पांढऱ्या बूटपॉलिशने काचेवर लिहायचा. गाड्या दोन-दोन पळतात; ज्याचा आकडा मोठा, त्याला तेवढं आधी सोडतात, म्हणजे मंद गाडीलाही जिंकता येतं. आता लबाड माणूस मुद्दाम मोठा आकडा लिहिणार, हे उघड आहे. म्हणून लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात तर तुम्ही ‘आकडा फोडला’. तुम्ही हरलात, आणि ती वेळ कुठेही धरली जात नाही.

ती कुठेही न धरण्याची ओळ व्हर्लिनने घातली. कधी आणि कशी, ते सांगते.

क्लबाच्या खोलीत एक लाकडी फळा आहे. बारा सेकंदांच्या आत फ्लॅटहेड पळवलेल्यांची नावं त्यावर असतात. मी चिटणीस, म्हणून नावं रंगवायची ती मीच. नावं चार, त्यातले तिघे वारले. दोन हजार अकरा साली बटनविलोचा डेल्मर ऑलरेड, बदामाच्या बागा आहेत त्याच्या, काचेवर १२.१० लिहून ११.९७ मध्ये पोचला. शर्यत हरला तो, नियमच तसा होता. पण वेळ तर वेळ आहे, फळ्यावर जाऊ दे, असं सगळ्यांचं मत पडलं. मी ब्रश भिजवलासुद्धा होता. तेव्हा व्हर्लिन उठला. नियमांचं काम त्या वर्षी त्याच्याकडे होतं.

“लबाडी आहे ही,” सगळ्यांसमोर म्हणाला. “तेरा शतांश जास्त लिहून बसलास. आम्ही काय मूर्ख आहोत?”

“अरे, वारा फिरला!” डेल्मर म्हणाला. “लिहिलं तेव्हा भट्टी होती. तुझ्या तोंडाला लागला नाही का?”

“वारा सगळ्यांनाच होता.”

व्हर्लिनचा शब्द चालायचा. नाव लागलं नाही आणि नियमात नवी ओळ आली. डेल्मर त्यानंतरही दर वर्षी आला, पण व्हर्लिनशी बोलला नाही. तेरा वर्षं दोघांनी एकमेकांचा धूर खाल्ला, शब्द नाही.

आणि हा नियमवाला स्वतः? दर वर्षी काचेवर ११.९९ लिहायचा आणि १२.०४ मध्ये पोचायचा. कधी १२.०२, कधी १२.०३. फुंकणीचा पट्टा बदलला, पुल्या बदलल्या, स्वतःचं वजन अकरा किलोने उतरवलं. तरी बारा ते बाराच. पोरंटोरं लांबून ओरडायची, “व्हर्लिनकाका, किती वाजले?” आणि बाकीचे कोरसमध्ये, “बारा!” तो हसायचा, पण कान लाल व्हायचे.

ह्या वर्षी ओपलने मला ऑगस्टमध्ये गाठलं. व्हर्लिनच्या दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, समोरचं जातं. ऑक्टोबरात त्याला पंचाहत्तर पूर्ण होणार आणि त्याच दिवशी लायसन्स संपणार. नव्यासाठी भिंतीवरची अक्षरं वाचावी लागतात, आणि ती त्याला वाचता येणार नव्हती. लायसन्स नाही म्हणजे गाडी रस्त्यावर नाही. रस्त्यावर नाही म्हणजे आमच्या क्लबात नाही. लायसन्स संपायच्या तीन दिवस आधी, शनिवारी, आमची वर्षातली शेवटची शर्यत.

“आणि तू त्याला चाळीस मैल चालवू देणार?” मी ओपलला म्हटलं.

“मी शेजारी बसून रस्ता वाचून दाखवते की.”

“डोकी फिरलीत तुमची. दोघांचीही.”

“नेडिन, एकदा नाव लागलं की तो गप बसेल. बाकी काही नकोय त्याला.”

मी तोंड मिटलं. मिटायला नको होतं, पण मिटलं.

शनिवारी सकाळपासून उन्हाची आग होती. बदाम झोडण्याचे दिवस, सगळी हवा धुळीने जाड झालेली. मी नेहमीप्रमाणे वेळेच्या चिठ्ठ्या देणाऱ्या खिडकीत. व्हर्लिनने हाताने चाचपत ११.९९ लिहिलं, चांगलं वीतभर उंच. पहिल्या फेरीत समोरच्याची गाडी सुरुवातीलाच उकळून बसली, म्हणून हा जिंकला. वेळ १२.०३.

खिडकीशी आला. आता चिठ्ठी त्याला वाचता येत नाही, मी वाचते.

“बारा शून्य तीन,” मी म्हटलं.

त्याने हातमोजा जमिनीवर आपटला. “काय करू मी ह्या डबड्याचं? काय द्यायचं राहिलंय ह्याला? रक्त काढून घालू?”

मागून कुणीतरी नेमकं तेव्हाच ओरडलं, “किती वाजले?” माझी सटकली. त्या ओरडणाऱ्यावर सटकली, पण तोंड सुटलं ते व्हर्लिनवर.

“तुझ्या इंजिनाला नाही जमत, तर नाही जमत! उगाच अकरा लिहून हसं करून घेतोस. जे पळतोस ते लिही. बारा शून्य पाच लिही आणि निदान शर्यत तरी जिंकून जा.”

त्याने माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे बघितलं. डाग टाळून बघायचं तर त्याला तसंच बघावं लागतं. मग गेला आणि फडक्याने काच पुसली. मला वाटलं, पुन्हा तेच लिहील हट्टी म्हातारा. पण त्याने १२.०५ लिहिलं. पन्नास वर्षांत माझं पहिल्यांदा ऐकलं आणि ते ह्या दिवशी.

दुसऱ्या फेरीत समोर डेल्मर. दोघं रांगेत लागले. रांगेत लागल्यावर आकड्याला हात लावता येत नाही. पुढे एका गाडीने तेल सांडलं, पट्टी धुण्यात पाऊण तास गेला, आणि तेवढ्यात वायव्येकडून गार वारा सुटला. धूळ पांगली. माझ्या हातावर काटा आला. थंड हवा दाट असते, फुंकणी तेवढ्याच घासात जास्त गिळते. हे आमच्यातल्या कुत्र्यालाही कळतं. मला कळलं, रांगेतल्या व्हर्लिनलाही कळलं असणार. मी खिडकीतून बघत होते. त्याने गाडीच्या खिडकीबाहेर हात काढला, पंजा उघडून वारा घेतला आणि हात परत आत नेला. काच पुसता येत नव्हती. इंजिन बंद करून रांगेतून निघून जाता येत होतं, पण मग आणखी काहीच उरलं नसतं.

डेल्मर आधी सुटला, मग हा. फुंकणीची ती किंकाळी मी हजारदा ऐकली असेल, पण त्या दिवशी ती मध्ये कुठे दबली नाही, तडक शेवटापर्यंत गेली. यंत्रातून चिठ्ठी आली. ११.९६.

मैदानावर सगळे ओरडत होते. कुणी ‘बारा’ म्हणालं नाही. व्हर्लिन गाडी घेऊन आला, उतरला, ओपलच्या दंडाला धरून खिडकीशी उभा राहिला.

“वाच.”

“व्हर्लिन—”

“वाच म्हणतो ना.”

“अकरा शहाण्णव.” मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. “आकडा फोडलास. माझ्यामुळे. मीच सांगितलं तुला.”

“लिहिलं मी,” तो म्हणाला. “हात माझा होता.”

तेवढ्यात डेल्मर आला. जिंकलेल्याची चिठ्ठी त्याच्या हातात होती. तेरा वर्षांत पहिल्यांदा तो व्हर्लिन उभा असताना खिडकीशी आला, पण बोलला माझ्याशी.

“नेडिन, ह्याचं नाव लाव फळ्यावर. सगळ्यांनी बघितलंय. वारा फिरला.”

“हात लावू नकोस फळ्याला,” व्हर्लिन म्हणाला.

“अरे म्हाताऱ्या, मी म्हणतोय! मी, ज्याला तू लबाड म्हणालास! माझी हरकत नाही तर तुझी कसली आलीय?”

“नियम आहे.”

“तुझाच आहे. मोड.”

ओपल म्हणाली, “चल घरी जाऊ,” तर तिचा हात व्हर्लिनने सोडवला.

“त्या दिवशी,” तो डेल्मरच्या कानाकडे बघत म्हणाला, “वारा फिरला होता. लागला होता माझ्या तोंडाला. मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“तू लबाडी केली नव्हतीस ते. माझ्याआधी तुला अकरा मिळालं, ते सोसवलं नाही मला. बस.”

मला वाटलं, डेल्मर त्याला मारणार. मारलं असतं तर मी अडवलं नसतं. कुणाचं वाकडं केलं नाही म्हणून मी ज्याची गावभर ग्वाही देत होते, तो हा! डेल्मरने हातातल्या चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा घातली, अगदी नखाएवढी होईपर्यंत घातली.

“माझी रूथ गेली ती लबाडाची बायको म्हणून,” तो म्हणाला. “बाजारात बायका कुजबुजायच्या. तेरा वर्षं, व्हर्लिन.”

आणि गेला. पुढची फेरी त्याची होती, ती पळालाच नाही. चाळीस मैल गाडी चालवत घरी गेला.

मंगळवारी व्हर्लिनला अक्षरं वाचता आली नाहीत. मीच घेऊन गेले होते त्याला आणि मीच आणलं. मला त्याची कीवही येत होती आणि गाडीतून उतरवून द्यावंसंही वाटत होतं.

बुधवारी मी कुणालाही न विचारता नियमांच्या कागदावरची ती ओळ खोडली आणि फळ्यावर डेल्मरचं नाव रंगवलं. अकरा सत्त्याण्णव, साल दोन हजार अकरा. त्याला कळवलं. फोनवर तो “बरं” एवढंच म्हणाला. रूथचं नाव कुठे रंगवायचं, ते मला सुचलं नाही.

पुढच्या महिन्यात क्लबाच्या जेवणाला ओपल व्हर्लिनला घेऊन आली. डेल्मर आला नव्हता. बीन्स आणि भाजलेलं मांस वाढेपर्यंत व्हर्लिन फळ्यापाशी जाऊन उभा राहिला. नाक जवळजवळ लाकडाला टेकलेलं, मान तिरकी. मी शेजारी गेले.

“ओला आहे का रंग?” त्याने विचारलं.

“वाळला कधीच.”

बोटाने त्याने नाव चाचपलं. मग आकडा.

“सत्त्याण्णव?”

“सत्त्याण्णव.”

“माझे शहाण्णव होते.”

“हो. ती ओळ खोडलीय मी. लिहू खाली तुझं?”

“नको,” तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर मी त्याला माफ केलं असतं. दोन पावलं टाकून तो वळला. “पण कुणी विचारलं तर सांगत जा, नेडिन.”

अजून कुणी विचारलेलं नाही.