पी.पी. नंबरावर आलेला फोन

हे मी नवऱ्याच्या फोटोसमोरही कधी बोलले नाही. त्याच्यासमोर मी सगळं बोलते. गॅस संपला, गुडघा दुखतो, शेजारीण तोंड फिरवून गेली, सगळं. हे एवढं मात्र ओठांपर्यंत यायचं आणि मी त्याच्या काचेवरची धूळ पुसायला लागायची. तुम्हांला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर मी चहा टाकला असता आणि विषय बदलला असता. विषय बदलण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आष्टीत आमचं छपाईचं दुकान होतं. आम्ही लिंगायत वाणी. सासऱ्यांचं किराणा दुकान, नवऱ्याला मात्र छपाईचा नाद. तो गेला तेव्हा मूलबाळ नव्हतं, दीर आपापल्या संसारात. मी छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे भंगारात घातले आणि दोन कॉम्प्युटर आणले. ते दिवसच तसे होते. शाम्पूच्या पुड्या, टीव्हीचे नाही नाही ते चॅनेल, सगळं बाहेरून आष्टीपर्यंत येऊन पोचत होतं. लोक म्हणाले, ही बाई काय कॉम्प्युटर चालवणार? चालवला. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, सगळं केलं. कामाची मला कधी भीती वाटली नाही. भीती वाटायची ती दुकान बंद करायची. कारण घरी जाऊन कुलूप काढायचं, आणि मग? मग काय?

दुकानात फोन होता. तुमच्यातल्या तरुणांना ठाऊक नसेल, तेव्हा ज्याच्या घरी फोन नाही तो ओळखीच्या दुकानाचा नंबर द्यायचा आणि पुढे पी.पी. असं लिहायचा. फोन आला की दुकानदारानं त्या माणसाला हाक मारायची. हा कुठं लिहिलेला कायदा नव्हता, पण कायद्याहून मोठा होता. मी ताटावरून उठून गल्लीच्या टोकापर्यंत गेले आहे. समोरच्या टेलरसाठी, मास्तरांच्या बायकोसाठी. बाळंतपणाचे फोन, मयतीचे फोन, कोर्टाच्या तारखांचे फोन. मी कुणाचा एकही निरोप चुकवला नाही. म्हणजे... एक सोडून.

थांबा, आधी त्या सॉफ्टवेअरचं सांगते. त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझ्याकडे आधी एक ऑपरेटर होता. तो आमच्या पत्रिकांची डिझाइनं फ्लॉपीवर घालून समोरच्या नव्या दुकानाला देत होता. गणपतीचं तेच चित्र, तीच वेलबुट्टी, समोरच्याच्या पत्रिकेवर! त्याला काढलं. दुधानं तोंड पोळलेली मी, नवी मुलगी ठेवण्याआधी ताकही फुंकायला बसले. नगरचा कॉम्प्युटरवाला बोलावला. तो पिशवीतून सीड्या घेऊन आला आणि काउंटरवर मांडून बसला, बांगड्यावाल्यासारखा.

एक सॉफ्टवेअर नुसतं हजेरीचं होतं. मशीन कधी सुरू झालं, कधी बंद, एवढंच सांगायचं. दुसरं गेम आणि इंटरनेट बंद करायचं. तिसऱ्यात कामगाराचा पडदा मालकाच्या पडद्यावर दिसायचा, बसल्या जागी, आणि मधूनमधून त्याची चित्रं साठवून ठेवली जायची.

तो पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "काकू, तुमचं दुखणं फ्लॉपीचं हाय ना? मग फ्लॉपीचं तोंडच बंद करून देतो. सॉफ्टवेअर कशाला घेता?"

किती सरळ उपाय! चोरीचीच भीती असती तर मी तोच धरला असता. पण खरं सांगू? पडदा दिसतो म्हटल्यावर माझ्या मनात चोरी आलीच नाही. मनात आलं ते एवढंच, की दुपारी बघायला काहीतरी होईल. मी म्हणाले, तिसरं टाक.

तेव्हा त्यानं अजून एक विचारलं. तिला कळू द्यायचं का न्हाई? कळू द्यायचं असेल तर तिच्या पडद्यावर, घड्याळापाशी, डोळ्याचं एक बारकं चित्र राहतं. नको असेल तर इथली टिक काढायची. मी म्हणाले, काढ. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि काढली.

मग सविता आली. जवळच्या वाडीतली. आईबाप ऊसतोडीला जाणारे, दसरा झाला की बैलगाडी बांधून कारखान्याकडे, ते पार उन्हाळ्यापर्यंत. ही चुलत्याकडे राहून बारावी झाली आणि नगरला टायपिंग शिकली. बारीक अंगाची, बोलायला कमी. आतल्या खोलीत बसायची, मी बाहेर काउंटरवर. मध्ये प्लायवुडची भिंत. दर रविवारी तिच्या आईचा फोन यायचा, कारखान्याजवळच्या बूथवरून. मी हाक मारायची, ती धावत यायची. रविवारी दुकान अर्धा दिवस, तरी तिच्या आईचा फोन येईपर्यंत मी शटर ओढलं नाही. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. हे तिला माहीत होतं, म्हणून सांगते.

आणि मी तिचा पडदा बघत होते.

सुरुवातीला कामापुरतं. मग सारखंच. रिकामा वेळ मिळाला की ती मोर काढायची. एकेका पिसाला वेगळा रंग, आवडला नाही की पुसून पुन्हा. कधी आईचं नाव वेगवेगळ्या वळणांच्या अक्षरांत लिहून बघायची. तिला वेलांटी चुकलेली दिसायच्या आत मला दिसायची आणि मी काउंटरवर पुटपुटायची, "अगं दुसरी, दुसरी." आणि ती दुसरी द्यायची! मला वाटायचं, ऐकलं हिनं. वेडेपणा, दुसरं काय. संध्याकाळी ती जीप गाठायला गेली की मी दिवसभराची साठलेली चित्रं परत बघायची. आमच्यात इष्टलिंग तळहातावर घेऊन त्याच्याकडे एकटक बघत पूजा करतात. सकाळी पूजेला बसले की माझं चित्त लागायचं नाही. डोळ्यांपुढे पडदा यायचा, तिचा मोर कुठवर आला होता ते यायचं.

भिंतीपलीकडे ती होती. मी उठून आत जाऊ शकले असते. जवळ बसून म्हणू शकले असते, बघू गं तुझा मोर. का नाही गेले? मालकीण होते म्हणून? की बघितलेलं आहे हे तोंडावर दिसेल म्हणून?

मग एक दिवस पडद्यावर मोर नव्हता. अर्ज होता. पुण्यातल्या पुस्तकांच्या एका छापखान्याला मराठी टाइप करणाऱ्या मुली हव्या होत्या. राहायची सोय त्यांचीच. मी वाचत गेले. नाव, शिक्षण, अनुभव. अनुभवात माझ्या दुकानाचं नाव तिनं जरा मोठ्या अक्षरात घेतलं होतं. आणि शेवटी फोन नंबर. माझा. पुढे पी.पी.

माझ्यापासून लपवून केलेला अर्ज, आणि निरोपाला नंबर माझाच. दुसरा कुठला देणार होती? वाडीत फोन नव्हता. तिला मी कावेन अशी भीती असणार, पण हाक मारणार नाही अशी शंका तिला आली नाही. आष्टीत ती कुणालाच आली नसती.

मला राग आला का? नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, रागात मी दोन शब्द बोलून मोकळी होते. मला एकदम गार वाटलं. मला दुकानातलं पुढचं वर्ष दिसलं. दुसरी कुणी ऑपरेटर मिळालीही असती. पण तो पडदा?

फोन आला तो दुपारी. गिऱ्हाईक नव्हतं. पलीकडून एक गृहस्थ, अगदी सभ्य आवाज. सविता आहेत का, त्यांना अर्जाबद्दल सांगायचं होतं, सोमवारी हजर व्हायला सांगा. माझ्या समोर पडद्यावर ती एका बारशाच्या कार्डावर पाळणा बसवत होती. माउसचा बाण हलत होता. घंटी ऐकून तो मध्येच थांबला. ती कान देऊन बसली होती, हाकेची वाट बघत, हे मला दिसत होतं. तिच्या आईच्या फोनला मी किती मोठ्यानं हाक मारायची!

मी आवाज खाली घेतला आणि म्हणाले, "तिचं लग्न ठरलंय. आता नाही येणार ती."

हेच का सुचलं? कारण आपल्याकडे मुलीचं लग्न ठरलं म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. आजारी आहे म्हटलं असतं तर त्यांनी थांबायची तयारी दाखवली असती. गावाला गेली म्हटलं असतं तर पुन्हा फोन केला असता. लग्न म्हटल्यावर ते म्हणाले, अरे वा, अभिनंदन सांगा त्यांना. आणि फोन ठेवला. पडद्यावरचा बाण थोडा वेळ तसाच राहिला, मग पाळणा सरकला.

बस. एवढंच मी केलं. एवढंसं.

पुढचे कितीतरी दिवस घंटी वाजली की बाण थांबायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, मला वाटायचं, ती आता बाहेर येईल आणि विचारील. ती आली नाही. कशी येणार, तिनं मला सांगितलंच कुठे होतं? मग हळूहळू बाण थांबायचा बंद झाला. मोरही बंद झाले. रिकाम्या वेळी ती रिकामा पडदा समोर ठेवून बसायची. मी तोही बघत बसायची.

उन्हाळ्यात आईबाप परतले आणि लग्न ठरवलं. मुलगा शिरूर कासारकडचा, तोही ऊसतोडीतला. तिकडे नवराबायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. एकट्याला मुकादम उभं करत नाही, म्हणून पोरांची लग्नं घाईनं होतात. माझं खोटं खरं झालं. मला क्षणभर... हे सांगायलाच हवं... क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. जणू मी खोटं बोललेच नव्हते, नुसतं आधी सांगितलं होतं.

तिनं स्वतःची पत्रिका स्वतःच टाइप केली. मी बाहेरून बघत होते. निमंत्रकांमध्ये काका, मामा, आत्या, सगळी नावं झाली. मग बाण खाली आला, एक ओळ मोकळी सोडली आणि तिनं माझं नाव लिहिलं. श्रीमती आणि पुढं पूर्ण नाव. खाली 'मावशी'. मला विचारलं नव्हतं. प्रिंट काढून माझ्यापुढं ठेवली तेव्हा मी पहिल्यांदाच बघते आहे असं तोंड केलं. ते मला जमलं. इतके दिवस दुसरं काय शिकत होते मी?

दसऱ्यानंतर ती नवऱ्याबरोबर तोडीला गेली. मी नगरच्या पोराला बोलावून ते सॉफ्टवेअर काढायला लावलं. त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

एका रविवारी मी शटर ओढतच होते, तर फोन वाजला. कारखान्याजवळचा बूथ. सविता. मी सवयीनं म्हणाले, थांब, कुणाला बोलवू? ती हसली. "कुणाला न्हाई वो मावशी, तुमालाच केला फोन. करमत न्हाई इथं."

बोलत राहिली. पाचटानं हात कापतात, थंडी लई हाय, पहाटेच फडात जावं लागतं. मी हूं हूं करत होते. तिच्यामागून ट्रॅक्टर गेल्याचा आवाज आला.

"मावशी, एक सांगू का? कावू नका. मी तुमाला न सांगता पुण्याला अर्ज केलता. तुमचा नंबर दिलता त्यात. तुमचं मीठ खाऊन तुमच्या पाठीमागं केलं मी. लई दिस झालं, मनाला लागून राहिलंय. त्यांचा फोन कधी आलता का वो?"

बूथ, तार, आणि तारेच्या या टोकाला मी. कुणी बघत नव्हतं. तिथं, त्या वेळी, एक शब्द पुरला असता. मी म्हणाले, "नाही गं."

"न्हाईच येणार म्हना, आपल्याला कोन बोलवतंय," ती म्हणाली. "पन चुकलं माझं. माफ करा, मावशी."

मी म्हणाले, "जाऊ दे. मनावर घेऊ नकोस. केलं माफ."

ती मोकळी झाली, आवाजावरून कळत होतं. पुढच्या रविवारी करते म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तिनं केला. सीझन संपेपर्यंत दर रविवारी केला, आणि मी दर रविवारी फोनजवळ बसून राहिले.