आमच्या ताईंना दाणे चालत नाहीत

यंदाच्या मकर संक्रांतीला, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, नोएडातल्या आमच्या ऑफिसात ताईंवर अन्याय झाला. कोणी म्हणेल, अपघात झाला. अपघात त्याच संध्याकाळी निस्तरला; अन्याय अजून चालू आहे. आणि ज्यांच्यावर तो झाला त्या ताईंइतकी कटकटी बाई यमुनेच्या दोन्ही तीरांवर शोधून सापडणार नाही, हेही मीच सांगून टाकते, म्हणजे ऑफिसवाल्यांना सांगायला काही उरणार नाही.

ताईंना शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे पित्त होतं, अंगावर चार गांधी उठतात, असलं नव्हे. घसा सुजतो, श्वास अडकतो, माणूस जाऊ शकतो. आता असलं शरीर घेऊन जन्माला यायचंच, तर कुठे यावं? ताई आल्या पुण्यात, जिथे काकडीपासून सुरणापर्यंत सगळ्यावर कूट पडतो आणि उपास तर दाण्यावरच उभा असतो. "आमच्या आळीत एकादशीला खराखुरा उपास करणारी मी एकटीच," असं त्या अभिमानाने सांगतात. पुढे नोकरीसाठी दिल्लीला आल्या, तर इथे थंडी पडली रे पडली की कोपऱ्याकोपऱ्यावर मूंगफलीच्या गाड्या, ढिगावर धुमसतं मडकं. ताई ते मडकं लांबून हेरतात आणि रस्ता ओलांडतात. एकदा मेट्रोत शेजारच्या काकांनी पुडी सोडली. ताई म्हणाल्या, "भाईसाहब, मेट्रो में खाना मना है." काका दुखावले. "मैडम, ये खाना थोड़ी है, मूंगफली है!" ताई पुढच्या स्टेशनावर उतरल्या आणि त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांवर खेकसल्या.

ऑफिसात त्यांचा चमचा चष्म्याच्या डबीत असतो. त्यांच्या कीबोर्डला हात लावणाऱ्याला आधी साबणाने हात धुवावे लागतात, मग तो कंपनीचा मालक का असेना. जेवायला बसलं की कस्टमवाल्यासारखी डब्यांची झडती. "उघड. चटणी कसली? खोबऱ्याची? आईची शपथ?" आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे त्यांची कवायत. त्यांच्या पर्समध्ये भाच्याने परदेशातून आणलेलं एक इंजेक्शन असतं, पेनासारखं. ते कसं टोचायचं हे त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं, आणि परीक्षा कधीही. क्लायंटची मीटिंग रंगात आलीय, बंगळुरूची माणसं पडद्यावर, आणि ताई एकदम शांतपणे विचारणार, "मी आत्ता पडले. पुढे?" आम्ही सगळे एका सुरात: "मांडीत! बाहेरच्या बाजूला! कपड्यावरून!" रोहतकचा आमचा एक दांडगा सहकारी तर झोपेतही मराठीत 'मांडीत' म्हणतो, अशी त्याच्या बायकोची तक्रार आहे.

आमचे साहेब सोलापूरचे, म्हणजे शेंगाचटणीच्या मुलखातले. दर संक्रांतीला त्यांच्या घरचा तिळगूळ यायचा आणि दर संक्रांतीला ताई म्हणायच्या, "गोड बोलेन, पण खाणार नाही." साहेबांना ते लागायचं. माणूस मनाने वाईट नाही. यंदा त्यांनी वहिनींकडून खास वेगळे लाडू करून घेतले, वेगळ्या डब्यात, डब्यावर ताईंचं नाव. ताई त्या नावाकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी म्हणून कोणी काही करून आणलं नव्हतं. सगळ्यांनी फक्त 'तुम्हाला नाही चालणार' म्हणून डबा शेजारच्याकडे सरकवला होता. "दाणे?" त्यांनी विचारलं. "एकही नाही," साहेब म्हणाले. आणि जगातली प्रत्येक चटणी शपथेवर तपासणाऱ्या बाईने पुढचं काही न विचारता लाडू तोंडात टाकला.

ताईंचे ओठ सुजायला लागले तेव्हा साहेबांनी घरी फोन लावला. वहिनी पलीकडून रडवेल्या होऊन म्हणत होत्या, "अहो, दाणे कुठे घातले मी? लाडू वळेनात म्हणून मूठभर कूट घातला फक्त!" मी वहिनींना दोष देत नाही. आपल्या स्वयंपाकघरात कूट हा पदार्थ मोजतच नाहीत. मिठासारखा असतो तो. रोहतकवाल्याने पर्स उपडी केली, पेन काढलं आणि सलवारीवरूनच मांडीत खुपसलं. मग हॉस्पिटल. संध्याकाळी ताई खाटेवरून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "मराठी माणसाने संक्रांतीला दिल्लीच्या आसपास फिरकूच नये. इतिहास आहे."

आता अन्याय ऐका. कवायत कामी आली, माणूस वाचला. मग कंपनीने काय करावं? जेवणाच्या खोलीत दाणे बंद करावेत, एवढं साधं. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "सबके टिफिन पे रोक कैसे लगाएँ यार?" आणि ताईंना 'त्यांच्याच सुरक्षेसाठी' कायमचं घरून काम करायला सांगितलं. दाणे जागेवर राहिले, माणूस हलवला. मी भांडले. मला गोड शब्दांत सांगितलं की विषय संवेदनशील आहे. अजून भांडतेय.

ताई मयूर विहारच्या घरात एकट्या जेवतात. दुपारी फोन करतात. "आज काय काय आलंय? कोण कुणावर चिडलं?" मी सांगते, जरा बेचव करून. परवा त्या म्हणाल्या, "ए, खोटं नको सांगूस. मजा आली असेल तर आली म्हण. मला चालेल." मग त्या जेवायला लागल्या, पलीकडून ताटाचा आवाज येत राहिला. त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट चालेल म्हटलं होतं, आणि मला ते ऐकवेना.

तेव्हा ऑफिसात चारचौघांत डबा उघडणाऱ्या तुम्हाला सांगते, विनंती करत नाही. तुमच्या टेबलावरून कोण उठून गेलंय ते आज बघा. त्याला काय चालत नाही ते त्यालाच विचारा, मग वहिनींनाही विचारा, आणि ते घरीच ठेवून या. आणि मग त्याला जेवायला हाक मारा. एचआर मारणार नाही. तुम्ही मारा.