स्मोक अलार्मवरची टोपी

उदबत्तीचा वास आला की मला मळमळतं. देवाधर्माशी माझं काही वाकडं नाही. पण लंडनच्या हाउन्सलो भागातल्या त्या घरात उदबत्ती देवांसाठी कमी आणि माणसांचा वास घालवायला जास्त लागायची, आणि शेवटी शेवटी ती मीही लावायला लागले. हे लिहिताना मला माझीच किळस येते आहे, ते आधीच सांगून टाकते.

घर पुण्याच्या एका जोडप्याने भाड्याने घेतलं होतं. त्यांना मी दादा-वहिनी म्हणायचे. दादा एका बँकेच्या आयटीमध्ये, वहिनी डिपेंडंट व्हिसावर घरात. वरच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने दिल्या होत्या. मोठी माझ्याकडे होती. जिन्यालगतची, जिच्यात पलंग टाकला की दार पुरतं उघडत नसे, ती दोन महिने रिकामी पडली तेव्हा नाइलाजाने एका नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला दिली. ती इग्बो होती. नायजेरियाच्या पूर्वेकडचे हे लोक, हे मला तिच्याकडूनच कळलं. वहिनी पाठीमागे तिला 'ती काळी' म्हणायच्या. मी ऐकून घ्यायचे.

वहिनी शुद्ध शाकाहारी, त्यांचे देव किचनमधल्या कपाटात. मी अलिबागकडची, सुकटीवर आणि सुक्या बोंबलांवर वाढलेली. खोली बघायला गेले तेव्हा वहिनींनी विचारलं, "तू खातेस का गं?" मी म्हटलं, "अंडं, तेही कधीतरी." त्यांचा चेहरा खुलला. "थँक गॉड, म्हणजे आपल्यातलीच आहेस." त्या एका वाक्यावर मी दीड वर्ष खोटं बोलत राहिले. आईने दिलेली सुकट तीन पिशव्यांत गुंडाळून मी सुटकेसच्या तळाशी, कोटांखाली लपवून ठेवली होती.

ती मुलगी मला सिस्टर म्हणायची, कारण तिच्या घरी थोरांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. वहिनींना ती आंटी म्हणायची. वहिनी तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या, त्यामुळे तो आदर त्यांना चांगलाच झोंबायचा.

राहायला आली त्या आठवड्यातच तिने मला खोलीत बोलावलं, खुर्चीवरचे कपडे उचलून बसायला दिलं आणि बशीत एक गुलाबीसर पांढरी बी पुढे केली. कोला. ते तिला ओजी म्हणतात. घरी पाहुणा आला की आधी ओजी, मग बाकीचं बोलणं. मग तिने डोळे मिटून इग्बोत काहीतरी म्हटलं, मध्येच अडली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली आणि हसली. "गावी माझ्या हाताने हे फोडूही देणार नाहीत. हे पुरुषांचं काम," ती म्हणाली. "पण इथे कोण बघतंय." तिने बी फोडली आणि एक फोड मला दिली. इतकी कडू की माझे डोळे पाण्याने भरले. थुंकायला खिडकी होती, पण मी गिळली. त्या घरातलं माझ्या हातून घडलेलं हे बहुधा एकमेव चांगलं काम.

नंतर ती अधूनमधून बोलायची. आठ वर्षांची असताना ती इथे मावशीकडे आली होती, आई गावीच राहिली. शाळेत मुलं तिच्या इंग्रजीला हसली, म्हणून तिने ते घासूनपुसून घेतलं. मग सोळाव्या वर्षी गावी गेली तर चुलत भावंडं तिच्या इग्बोला हसली. वॉर्डात तिचं नाव कोणाला म्हणता येत नाही म्हणून त्याचा अर्धा तुकडा तोडून टाकलेला, आणि ती त्याच तुकड्याला ओ देते. "घरी मी लंडनची आणि इथे आफ्रिकेची. इग्बो कुठे आहे मी, सांग," असं ती एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली. माझ्या ऑफिसात मला सगळे हिंदीत नमस्ते करायचे, तेव्हा तिचं दुखणं मला थोडंफार समजत होतं.

म्हणून ती रांधायची. वहिनींनी तिला फक्त रविवारची सकाळ दिली होती, ते दोघं देवळात जायचे तेवढा वेळ. परदेशी फोनच्या कॉलिंग कार्डाचा आकडा दाबून, फोन खांद्याला धरून, गावी आईला विचारत विचारत ती कडू पाल्याचं सूप करायची. त्यात लाकडासारखा कडक सुका मासा आणि वाळवलेल्या बारीक कोळंबीची पूड. एका रविवारी तिची पूड संपली. मी वर गेले आणि सुटकेसमधून मूठभर सुकट आणून दिली. तिने ती नाकाशी धरली आणि खो खो हसत सुटली. "सिस्टर, हे तर आमचंच आहे." मी तिला शपथ घातली, वहिनींना सांगू नकोस. रांधून झालं की ती ओटा, शेगडी, सिंक, लाद्या सगळं ब्लीचने धुवायची. तरी वहिनी आल्या की नाकाला रुमाल लावून उदबत्ती पेटवायच्या. मी त्यांच्या शेजारी उभी राहून नाक मुरडायचे. हो, मुरडायचे.

पुढच्या जानेवारीत वहिनींनी शनिवारी हळदीकुंकू ठेवलं. शुक्रवारी त्या सामान आणायला वेम्बलीला गेल्या, दादा ऑफिसला, ती वॉर्डात. मी सर्दीने रजेवर. नाक पार चोंदलेलं, तोंडाला चव नाही, आणि अशात आपल्या माणसाला काय आठवतं ते काय सांगायचं. मी सुकट भाजली. भरपूर कांदा, तिखट, दोन कोकमं. धुराने अलार्म वाजेल म्हणून खुर्चीवर चढून त्याला टोपी घातली. टोपी म्हणजे बाथरूमच्या हुकाला टांगलेली शॉवर कॅप, केसांच्या बारीक वेण्या भिजू नयेत म्हणून ती वापरायची. हाताला लागली ती घेतली. पोटभर जेवले, भांडी घासली, औषध घेतलं आणि झोपले. खिडक्या थंडीमुळे बंद होत्या. वास मला येतच नव्हता, माझीच सर्दी लागलेल्या दादा-वहिनींनाही आला नाही, आणि टोपी मी साफ विसरले.

दुसऱ्या दिवशी बायका जमल्या. ईलिंगच्या, हाउन्सलोच्या, सिल्कच्या साड्यांवर जाड कोट घालून आलेल्या. दारातच एकीने पदर नाकाला लावला. दुसरी म्हणाली, "काही मेलंय का गं घरात?" वहिनींचं तोंड उतरलं. शहाळ्यासारखी गोड बाई ती एरवी, पण त्या दिवशी तिचा पार अपमान झाला. त्यांनी उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवला आणि हॉलमध्ये ओवाळत फिरू लागल्या. वर बघितलं तर अलार्मवर टोपी.

ती मुलगी सहा वाजता वॉर्डातून आली तेव्हा चारपाच बायका अजून बसलेल्या होत्या. वहिनींनी टोपी दोन बोटांत धरून तिच्यापुढे केली. "दिस इज युवर्स, नो?"

"हो, आंटी. पण काल मी घरी नव्हते. दिवसभर वॉर्डात होते."

"मग कोणी केलं? हिने?" वहिनींनी माझ्याकडे बोट केलं. "शी डझन्ट ईव्हन ईट."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. ती पण. माझ्या हातात तिळाच्या वड्यांचं ताट होतं. मी वड्या सारख्या करू लागले. एक तिरकी होती ती सरळ केली, मग तिच्या शेजारची केली. तेवढ्यात एका बाईने मराठीत म्हटलं, "ह्या लोकांना काही शरम नसतेच," आणि मी त्या बाईला वडी दिली.

"सॉरी, आंटी," ती म्हणाली, आणि वर निघून गेली.

दादांनी तिला आठवड्यात खोली सोडायला सांगितलं. तिची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. आता तिला लंडनच्या दुसऱ्या टोकाला मावशीच्या बैठकीच्या खोलीत, जमिनीवर झोपायचं होतं आणि तिथून दोन तासांवर तिचा वॉर्ड. ती सामान भरत असताना मी तिच्या दाराशी गेले. खुर्चीवर कपड्यांचा ढीग होता. या वेळी तिने तो उचलला नाही आणि मला काही दिलंही नाही.

मी विचारलं, "तू का नाही सांगितलंस?" हे मी विचारलं, बघा. निर्लज्जपणाला सीमा नसते.

"मी वाट बघत होते," ती म्हणाली. तिने युनिफॉर्मची घडी घातली, ती बिघडली, पुन्हा घातली. "तू माझ्या खोलीत ओजी खाल्लंयस. त्यानंतर माणसाला चारचौघांत उघडं पाडत नाहीत. मला आमची भाषा धड येत नाही, सूप अजून आईला विचारून करते. पण एवढं मला येतं." मग तिने मान वर करून विचारलं, "तुमच्यात काय असतं?"

 बॅग खाली न्यायला हात लावू का म्हटलं, तर ती नको म्हणाली.

आपण यातून काही शिकलो असं लिहायला बरं वाटलं असतं. महिन्याभराने एका दुपारी मला पुन्हा सुकटीची हुक्की आली. या वेळी खिडक्या उघडल्या, सगळं ब्लीचने धुतलं, ते धुणंही तिचंच बघून शिकलेलं. संध्याकाळी वहिनी आल्या, दारातच थबकल्या आणि नाक मुरडून म्हणाल्या, "बघ ना गं, अजून येतोय त्या काळीचा वास. भिंतीत मुरलाय अगदी."

"हो ना, वहिनी," मी म्हटलं, आणि देवांपुढची काडेपेटी घेऊन उदबत्ती लावली.