पहिलं पाणी मातीत

खळबाईला कुणी चांगलं म्हटलं की ती उखडायची, कारण ते तिला आधीच माहीत होतं. गल्लीच्या तोंडाशी तिची लाँड्री. खळ इतकी कडक घालायची की शर्ट खुंटीवाचून उभा राहील, अशी गिऱ्हाइकं चेष्टा करायची. तोंडावर बोलायची मात्र कुणाची छाती नव्हती. चर्चमधल्या मेजावरची पांढरी कापडं ती फुकट धुवायची. प्रभुभोजनाला, येशूच्या नावानं भाकर आणि द्राक्षारस देतात तेव्हा, प्याल्यातला तो पवित्र रस त्या कापडांवर सांडतो, म्हणून त्यांचं पहिलं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, मातीत ओतायचं, अशी तिथली रीत. खळबाई ते दारातल्या कुंडीत ओतायची, थेंबभरही इकडेतिकडे नाही. मोबदला? छे, मोबदला कोण मागतंय! फक्त पुढचा बाक तिचा, आणि प्रभूही बहुधा आपल्या शब्दाबाहेर नाही, अशी तिची समजूत.

अशात धाकटी बहीण परत आली.

आई अंथरुणाला खिळलेली असताना ही धाकटी आईच्याच हातातल्या बांगड्या काढून घेऊन एका टॅक्सीवाल्याबरोबर पळालेली. पुढे आईचं हगणंमुतणं काढलं ते खळबाईनं, घास भरवले खळबाईनं. आणि आईनं जाता जाता विचारलं काय, तर "धाकटी जेवली का?" ते तीन शब्द खळबाईच्या घशात आजतागायत अडकून होते. थोरलीचं नावसुद्धा निघालं नव्हतं.

धाकटी आली ती गालफडं बसलेली, एका पिशवीनिशी. पाळकांनी तिला चर्चमागची खोली राहायला दिली आणि येत्या रविवारी प्रभुभोजनाला ये म्हणून सांगितलं. हे कानावर येताच खळबाई इस्त्री बंद करून तडक पाळकांच्या दारात.

"पाळकसाहेब, तिला मेजापाशी बसवणार म्हणे?"

"हो. रडली हो फार. तुमच्याकडेही यायचंय तिला, पण धजत नाही."

"नाही धजत तेच बरं! इतकी वर्षं मी राबले. तिनं काय केलं?"

"काहीच नाही. ते तिला कबूल आहे." पाळक शांतपणे म्हणाले. त्यांचा तो शांतपणाच खळबाईच्या डोक्यात जायचा. "कृपा कमवता येत नाही, बाई. तुम्हालाही ती फुकटच मिळाली."

"मला?" तिचा आवाज चिरकला. "मला आयुष्यात फुकट काही मिळालेलं नाही!"

घरी येऊन तिनं सगळी कापडं कपाटात कोंबली आणि कुलूप घातलं. आता बसा म्हणावं मेज मांडत. येतील नाक मुठीत धरून, मग बोलू आपण.

कुणी आलं नाही. रविवारी ती किल्ली पर्समध्ये घेऊन पुढच्या बाकावर ताठ बसली. समोर मेज उघडं होतं. ओरखडे, मेणाचे जुने डाग, एका कोपऱ्याला उडालेला टवका. इतकी वर्षं आपण हे झाकत होतो होय, असं तिला वाटून गेलं. पाळकांनी भाकर आणि प्याला सरळ लाकडावर ठेवला आणि उपासना सुरू केली. कापडाबद्दल चकार शब्द नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रांगेत धाकटी नेमकी तिच्या शेजारी आली. पाळक भाकर घेऊन समोर उभे राहिले.

"कापडं मी मुद्दाम आणली नाहीत," खळबाई दम दिल्यासारखी पुटपुटली.

"माहीत आहे. हात पुढे करा."

तिनं हात पुढे केला. आजवर तो तुकडा तिनं मजुरी म्हणून घेतला होता. आज दाखवायला धुतलेलं एक फडकं जवळ नव्हतं, होता तो नुसता आकस. तरी तुकडा मिळाला, आणि धाकटीला मिळाला तेवढाच. तिला भयंकर राग आला. डोळे भरून आले, त्याचा आणखीच राग आला. तिनं तुकडा खाल्ला.

प्याला परत ठेवताना धाकटीच्या हातून तो कलंडला आणि द्राक्षारस मेजावर सांडला. पुसायला कापड कुठलं? तिनं घाबरून आपल्या पांढऱ्या बाहीनंच पुसला.

उपासना सुटल्यावर खळबाईनं तिला फाटकात गाठलं.

"ताई, मी..."

"बाही दाखव. चोळलीस ना? मूर्ख! गार पाण्यात भिजवायची. आणि पहिलं पाणी मोरीत नाही ओतायचं, मातीत."

"चर्चमागं सगळी फरशीच आहे गं, ताई. माती कुठून आणू?"

धाकटीचं तोंड मेल्यावरही उंबऱ्यात घ्यायचं नाही, असं खळबाई सगळ्या गल्लीला सांगून बसली होती.

"माझ्या दारात कुंडी आहे," ती खेकसली. "चल. चहाबिहा मिळणार नाही."

धाकटी चार पावलं मागे राहून चालू लागली. गल्लीच्या कोपऱ्यावर आल्यावर खळबाईनं मागे न बघता, शिवी हासडावी तसं विचारलं,

"जेवलीस का?"